दोन बाजू, एक कोन आणि त्रिकोण किती?

त्रिकोणाची तीन मापे मिळाली की त्रिकोण निश्चित झाला, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. तीन बाजू, दोन बाजू व त्यांमधील कोन, किंवा दोन कोन व एक बाजू यांच्या बाबतीत ती यथार्थ आहे. परंतु दोन बाजू आणि त्यांपैकी एकीसमोरील कोन एवढेच ज्ञात असल्यास त्रिकोण एक होईल, दोन होतील किंवा एकही होणार नाही. जमिनीच्या मोजणीत हा भेद किती महत्त्वाचा ठरतो, हे पुढील उदाहरणावरून ध्यानात येईल.

शेताचे उदाहरण

सरळ रस्त्यालगत अबक हे त्रिकोणी शेत आहे असे मानू. रस्त्याकडील अब या बाजूची लांबी नोंदलेली नाही. अक हा बांध 100 मीटर असून अ येथील कोन 30 अंशांचा आहे. 30 अंशांच्या कोनासमोरील बाजू कर्णाच्या निम्मी असते. म्हणून क पासून रस्त्यावर टाकलेला लंब 50 मीटर येतो. आता कब या बांधाची लांबी त्रिज्या घेऊन क पासून कंस काढावा.

कब 40 मीटर असल्यास कंस रस्त्यापर्यंत पोहोचतच नाही. नोंदच चुकीची ठरते. 50 मीटर असल्यास तो रस्त्याला स्पर्श करतो व एकच काटकोन त्रिकोण मिळतो. 100 मीटर वा अधिक असल्यासही त्रिकोण एकच. परंतु 50 हून अधिक व 100 हून कमी लांबीचा कंस रस्त्याला दोन ठिकाणी छेदतो.

कब 60 मीटर धरल्यास अब सुमारे 119.8 मीटर किंवा 53.4 मीटर येते. पहिल्या शेताचे क्षेत्र सुमारे 2,994 चौरस मीटर, तर दुसऱ्याचे 1,336 चौरस मीटर. म्हणजे नोंद तीच असूनही सोळा गुंठ्यांहून अधिक तफावत!

नियम व उपाय

दिलेला कोन काटकोन वा विशालकोन असल्यास ही संदिग्धता उरत नाही. समोरची बाजू दुसरीहून मोठी असेल तर एक त्रिकोण, अन्यथा एकही नाही. कर्णभुजा कसोटी ग्राह्य ठरते ती याच कारणाने.

संदिग्धता टाळण्याचा मार्ग सोपा आहे. तिसरी बाजू किंवा क येथील कोन मोजावा. निदान ब कोन लघु की विशाल, हे तरी नोंदवावे. शंकू-साखळीच्या मोजणीत लंबाची लांबी व तो आधाररेषेवर कोठे पडतो, ही दोन्ही मापे घेतली जातात. त्यामुळे असा प्रश्नच उद्भवत नाही. 1802 साली विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ आरंभिलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातही मोजलेली आधाररेषा व तिच्या टोकांचे कोन यांवरूनच पुढील बिंदू निश्चित केले जात.

शिक्षकांनी हे उदाहरण शाळेच्या मैदानावर दोरी व खुंट्या घेऊन करवून घेतल्यास विद्यार्थ्यांस कंसाचे दोन्ही छेद प्रत्यक्ष दिसतील. पंचायत सदस्यांनीही जागेचा नकाशा पाहताना मापे किती आहेत एवढेच न पाहता ती कोणती आहेत, हे पाहणे अगत्याचे आहे.