खाक्यावाचून नक्षी

जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक पसरून ते धावदोऱ्याने शिवण्याची रीत भारताच्या अनेक भागांत आहे. महाराष्ट्रात अशा वस्त्रास गोधडी किंवा वाकळ म्हणतात, बिहारमध्ये सुजनी आणि बंगालमध्ये काँथा, म्हणजेच मराठी वाचकाच्या परिचयाची कंथा. शिवण्याची कृती सर्वत्र सारखीच. परंतु नक्षी येते कोठून, हा प्रश्न निराळा आहे. तयार खाका कापडावर उतरवून त्याच्या रेषेवरून सुई चालविणे हा एक मार्ग, आणि शिवणारीने स्वतः रचना करणे हा दुसरा. दुसऱ्या मार्गास उपजत प्रतिभा लागते, तो सामान्य हातांसाठी नाही, अशी समजूत सर्वत्र दिसते. बंगालमधील जुन्या कंथा पाहिल्या म्हणजे ही समजूत टिकत नाही.

कंथा शिवणारीपुढे खाका नसला, तरी क्रम असे. प्रथम थर जमिनीवर ताणून पसरावयाचे, कडा आत दुमडून शिवावयाच्या आणि सर्वत्र लांब कच्चे टाके घालून थर स्थिर करावयाचे. मग मध्यभागी कमळ. चार कोपऱ्यांतून मध्याकडे झुकणारी चार झाडे किंवा चार कोयऱ्या. आणि उरलेल्या जागेत हत्ती, घोडे, पालखी, रथ, मासे, नावा, आरसे, फण्या, यांपैकी जे मनात असेल ते. आकृतीची बाह्यरेषा अनेकदा सुईनेच काढली जाई. मध्य आणि कोपरे परंपरेने ठरविलेले. मधली जागा मात्र शिवणारीची. सारांश, परंपरा तिला चित्र देत नव्हती, चित्राची बैठक देत होती. काय काढावे, या धास्तीतून तिची सुटका होत असे, ती यामुळेच.

साधनांची मर्यादाही रचनेस उपकारक ठरे. दोरा बहुधा लुगड्याच्या काठांतून उसवून काढलेला असे. त्यामुळे पांढऱ्या कापडावर तांबडा, निळा आणि काळा हेच रंग प्रामुख्याने येत. रंगांची निवड अशी आपोआप आवरली गेल्याने लक्ष आकृतीवर आणि टाक्याच्या दिशेवर एकवटे. आकृतीभोवतीचे टाके तिच्या बाह्यरेषेला धरून ओळीमागून ओळ घातले, की कापड किंचित आवळले जाते आणि पाण्यावरील लहरींप्रमाणे सुरकुत्या उठतात. हा परिणाम कागदावर रेखाटता येत नाही. तो हातातल्या कापडातच उमगतो.

कोलकात्याजवळील ठाकूरपुकूर येथील गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी दासी या स्त्रीने एकोणिसाव्या शतकात शिवलेली एक कंथा आहे. आपल्या वडिलांसाठी आपण ती शिवली, असे तिने सुईनेच नोंदविले आहे. आणि नक्षीत कमळाबरोबर त्या काळातील इंग्रजी शिपाईही आले आहेत. घराबाहेरचे जे जग दृष्टीस पडले वा कानी आले, ते तिने परंपरेच्या चौकटीत बसविले. दुसऱ्याने आखून दिलेल्या खाक्यात हा पिता आणि हे शिपाई आले नसते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ या भागांतील सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ हे दुसरे उदाहरण. आफ्रिकी वंशाच्या या समाजातील स्त्रिया एका कोपऱ्यापासून कडेकडेने ठिगळे लावीत जातात आणि फेऱ्यामागून फेरा घालीत मध्याशी पोचतात. पुढचे ठिगळ कोणते, हे शेजारच्या ठिगळाकडे पाहून ठरते. कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची ‘फुले’ लावल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. येथेही प्रारंभ आणि शेवट नियमाने बांधलेले आहेत. मधला प्रवास मोकळा आहे.

हे स्वातंत्र्य बाजारपेठेत सहज टिकत नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात गीज बेंड ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तेथील स्त्रिया झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून ज्या रजया शिवीत, त्यांतील मनाने रचलेल्या रजयांना त्या ‘माझ्या रीतीची’ असे म्हणत. १९६६ मध्ये त्या परिसरात स्त्रियांची सहकारी संस्था स्थापन झाली आणि मोठ्या दुकानांची कामे मिळू लागली. मिळकत आली, ती गरिबीत मोलाचीच होती. परंतु त्या मागण्यांसाठी प्रत्येक नग एकसारखा असावा लागे. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात ज्या रजयांचे प्रदर्शन भरले, त्या घरासाठी आपल्या रीतीने केलेल्या रजया होत्या. बंगालमध्येही आज विक्रीसाठी होणारे बरेचसे कंथाकाम नव्या रेशमी साड्यांवर, आधी उमटवून घेतलेल्या नक्षीवरून चालते. त्याने अनेक घरे चालतात, हे नाकारता येणार नाही. तथापि रचना एकाची आणि श्रम दुसरीचे अशी विभागणी झाली, म्हणजे शिवणारी टाक्यांपुरतीच उरते, हेही तितकेच खरे.

स्वतःची रचना करू इच्छिणाऱ्यास या उदाहरणांतून मिळणारा धडा साधा आहे. नव्या चित्राच्या शोधापासून आरंभ करू नये. आरंभ बंधनांपासून करावा. घरातील कापडे आधी पाहावीत, त्यांतून दोन-तीनच रंग निवडावेत. मध्यापासून बाहेर जावयाचे की कडेपासून आत यावयाचे, हे ठरवावे आणि ते मोडू नये. त्यानंतर पहिली आकृती परिचयाच्या वस्तूची घ्यावी: दारातले झाड, चुलीवरचे भांडे, अंगणातले जनावर. ती थोडी वाकडी आली तर उसवण्याची घाई न करता तिच्या कडेने टाके घालीत जावे. पुढची ओळ कशी जावी, हे मागची ओळ सांगू लागते.