क्रँक डॅम्पर बसवताना हातोडी का नको? गॅरेजवाल्यांसाठी पूर्ण पद्धत आणि हिशोब



व्हिडिओत डॅम्पर काढून-बसवून दाखवलाच आहे. पण हात ऑइलने भरलेले असताना मोबाईल मागे-पुढे करत बसणं कुणाला जमत नाही. म्हणून तीच पद्धत इथे लिहून देतोय. आणि शेवटी हिशोबसुद्धा, कारण काम चांगलं करूनही पैसे का उरत नाहीत, याचं उत्तर अशाच जॉबमध्ये लपलेलं असतं.

हा भाग नेमकं करतो काय?

बहुतेक ठिकाणी याला नुसतं 'क्रँक पुली' म्हणतात. पट्टा त्याच्यावरच फिरतो, त्यामुळे नाव चुकीचं नाही. पण त्याला फक्त पुली समजलात की घोळ सुरू होतो. जुना डॅम्पर हातात घेऊन बघा. मध्ये हब, बाहेर जड लोखंडी रिंग आणि दोघांच्या मध्ये रबराचा थर.

आता एक साधं गणित करू. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर अर्ध्या फेऱ्याला एक पॉवर स्ट्रोक येतो. ३००० आरपीएमला मिनिटाला ६००० म्हणजे सेकंदाला १०० धक्के. प्रत्येक धक्क्याला क्रँक किंचित पिळला जातो आणि परत उलगडतो. झोका बरोबर वेळेला ढकलत राहिलं की कसा उंच जातो? तसंच काही ठरावीक आरपीएमला हा पीळ वाढत जातो. बाहेरची जड रिंग एकसारखी फिरू पाहते, हब मात्र पुढे-मागे थरथरतो. मधलं रबर ती थरथर खातं आणि तिची उष्णता करून टाकतं.

रबर मेलं की ही थरथर क्रँकमध्येच राहते. मग पुढचा बोल्ट ढिला होतो, टायमिंगच्या गिअर-चेनवर ताण येतो, आणि फार दिवस तसंच चालवलं तर क्रँक तुटूही शकतो.

खराब झालाय हे कसं ओळखायचं?

रबराला चिरा पडल्यात का, ते बाहेर आलंय का, रिंग डगमगते का, पट्टा सारखा निसटतो का, हे बघा. शंका असेल तर इंजिन बंद करून हबपासून रिंगपर्यंत खडूने किंवा पेंटने एक सरळ रेघ मारा. गाडी चालवून आणा, इंजिन बंद करा आणि परत बघा. रेघ तुटलेली दिसली तर रिंग रबरावरून सरकली. टायमिंगची खूण रिंगवर असेल तर तीसुद्धा आता खोटं बोलते, हे ध्यानात ठेवा.

काढताना

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पट्टा कसा फिरलाय त्याचा फोटो घ्या.

२. क्रँक धरायला योग्य लॉकिंग टूल वापरा. पाना अडकवून स्टार्टर मारायची युक्ती बंद करा. पाना निसटला तर हात जातो.

३. मॅन्युअल उघडा आणि क्रँकवर 'की' आहे का ते बघा. काही इंजिनांत की नसते, बोल्टच्या दाबावरच टायमिंगचा गिअर धरलेला असतो. तिथे कॅम आणि क्रँक लॉक न करता बोल्ट सोडला तर टायमिंग गेलंच म्हणून समजा.

४. पुलरचे बोल्ट हबमधल्या आट्यांत लावा. बाहेरच्या रिंगला पंजे अडकवून ओढू नका, रबर फाटतं.

बसवताना

१. नवा डॅम्पर जुन्याशेजारी ठेवा. खाचा किती, खोली किती, टायमिंगची खूण कुठे आणि वजन किती, सगळं ताडून बघा. काही इंजिनांचा बॅलन्स डॅम्परवरच्या जादा वजनावर अवलंबून असतो. अमेरिकेतल्या फोर्ड ३०२ व्ही-८ चं उदाहरण घ्या. जुन्या इंजिनांना २८ औंस-इंचाचा डॅम्पर लागतो, नंतरच्यांना ५० चा. चुकीचा लावला तर इंजिन हादरतं.

२. क्रँकचं टोक साफ करा. की आणि तिची खाच तपासा, खडबडीत कडा बारीक पॉलिश पेपरने घालवा. ऑइल सील आत्ताच बदला. सील जिथे घासतं तिथे हबवर खोबण पडली असेल तर नव्या सीललाही गळती लागेल.

३. सीलच्या ओठाला आणि क्रँकच्या टोकाला ऑइलचा पातळ हात फिरवा. की आणि खाच एका रेषेत आणा.

४. आता मुख्य गोष्ट. घट्ट बसणारा डॅम्पर हातोडीने ठोकायचा नाही. प्रत्येक ठोका क्रँकमधून थेट थ्रस्ट बेअरिंगवर जातो आणि रिंग रबरावर तिरकी होते. गॅस टॉर्चही नको, रबर जळतं.

५. त्याच्याच बोल्टने ओढायचा मोहही टाळा. सुरुवातीला बोल्टचे दोन-चारच आटे पकडलेले असतात आणि सगळा जोर त्यांच्यावर येतो. क्रँकचे आटे गेले की इंजिन उतरवायची वेळ येते. त्याऐवजी बसवायचं टूल वापरा. आट्यांचा रॉड क्रँकमध्ये पुरेसा खोल जाऊ द्या, मग बेअरिंग-वॉशर, मग नट. रॉड धरून ठेवा आणि फक्त नट फिरवा. मध्येच अडकलं तर जोर लावू नका. परत बाहेर काढा, की सरकलीय का बघा. काही इंजिनांत डॅम्पर हाताने सरकून बसतो, तिथे हे टूल लागत नाही.

६. शेवटी बोल्ट. मॅन्युअल 'नवा लावा' म्हणत असेल तर नवाच. टॉर्क आणि त्यानंतरचे डिग्री, दोन्ही मॅन्युअलप्रमाणे. आट्यांना ऑइल लावायचं की कोरडे ठेवायचे, तेही तिथेच बघा, कारण ऑइलमुळे त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

७. इंजिन आधी हाताने दोन फेरे फिरवा. मग चालू करा. समोरून डगमग, पट्ट्याची रेष आणि सीलची गळती बघा. इंजिन गरम झाल्यावर बंद करून परत एकदा बघा.

आता पैशाचं बोलू

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे टाका. समजा कामाला अडीच तास लागतात आणि तुमचा दर तासाला ४०० रुपये आहे. मजुरी झाली १०००. टूल ३००० रुपयांना घेतलं आणि त्यावर १५ जॉब झाले, तर एका जॉबला २०० रुपये. हे २०० बिलात कुठेच दिसत नसतील तर ते तुमच्या खिशातून जातायत.

टूल न घेता ठोकून काम केलं आणि एका गाडीचे आटे गेले तर? इंजिन उतरवणं-चढवणं १६ तास धरा. ६४०० रुपयांची मजुरी फुकट, म्हणजे सहापेक्षा जास्त जॉबची कमाई साफ. मशीन शॉपचं बिल वेगळं. आणि गिऱ्हाईकाची भाजीची पिकअप दोन दिवस दारात उभी, त्याचा धंदा बुडाला तो वेगळाच. हा माणूस परत येईल का? टूल महाग वाटतं तेव्हा हा हिशोब आठवा.

गिऱ्हाईक म्हणेल, "अहो, पुलीच तर आहे, स्वस्तातली टाका." तेव्हा वाद घालू नका. जुना डॅम्पर त्याच्या हातात द्या आणि सांगा, "दादा, हे रबर बघा कसं फाटलंय. पट्टा बदलून गाडी आज जाईल, पण हा असाच ठेवला तर उद्या क्रँकचं काम निघेल. तो खर्च कितीतरी जास्त आहे." डोळ्यांनी बघितलं की माणसाला पटतं. तरीही नको म्हणाला तर जॉब कार्डवर तसं लिहा, सही घ्या आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. यात भांडण नाही, तुमचं आणि त्याचं दोघांचंही संरक्षण आहे.

या आठवड्याचं काम

पट्ट्याच्या कामासाठी येणाऱ्या प्रत्येक गाडीचा डॅम्पर टॉर्च मारून बघा आणि जॉब कार्डवर एक ओळ लिहा: 'रबर ठीक' किंवा 'रबर चिरलेलं'. दोन मिनिटांचं काम आहे. आठवडा संपला की किती गाड्यांत दोष सापडला आणि त्यातल्या किती जणांनी काम करून घेतलं, ते वहीत मोजा आणि आकडा व्हिडिओखाली कळवा. पुढच्या भागात त्यावरून जॉब कार्ड कसं बनवायचं ते बघू.