तिकीट त्यांचं, शिक्का आपला

दक्षिण अमेरिकेत पाठीवर सॅक टाकून बसने एका देशातून दुसऱ्या देशात जाणं अगदी सोपं, असं सगळेच सांगतात. हॉस्टेलवर भेटणारे जर्मन आणि फ्रेंच तरुण सांगतात, तिकीट काउंटरवरचा माणूस सांगतो, आणि आता आपल्याकडचे प्रवासाचे व्हिडिओ करणारेही सांगू लागले आहेत. हे खोटं नाही. पण ते ज्याच्या त्याच्या पासपोर्टपुरतंच खरं आहे, आणि ही अट कुणी बोलून दाखवत नाही. मी हे अजूनही रागातच लिहिते आहे. सीमेवरच्या अधिकाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, ते त्यांचं काम करतात. राग आहे तो पलीकडच्या शहरापर्यंतचे पूर्ण पैसे आधी घेणाऱ्या, पासपोर्टकडे न बघता 'काही अडचण नाही' म्हणणाऱ्या, आणि अडचण आली की तिकिटाच्या मागची बारीक अक्षरं दाखवून हात झटकणाऱ्या बसवाल्यांचा. नाव घेत नाही, कारण ही एका कंपनीची खोड नव्हे. हा धंदाच तसा चालतो, आणि तो तसा का चालतो हे समजून घेतलं तर त्यातून वाचता येतं.

काउंटरवरच्या माणसाची रोजची गिऱ्हाइकं कोण आहेत ते बघा. मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी देशांच्या गटातले आणि अँडीज पर्वतातल्या देशांचे नागरिक एकमेकांच्या देशात नुसत्या ओळखपत्रावर जातात, पासपोर्टही लागत नाही. युरोपातल्या बहुतेकांना या देशांमध्ये पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही. त्यामुळे त्या माणसाच्या अनुभवात सीमा म्हणजे दहा मिनिटांची रांग असते. भारतीय पासपोर्टचं गणित प्रत्येक देशात वेगळं आहे. बोलिव्हियाला व्हिसा लागतो, ब्राझीलला लागतो, इक्वाडोरने २०१९ पासून आपल्याला तो सक्तीचा केला. पेरूमध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर सूट आहे, पण त्या व्हिसाची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. हे सगळं पेरूतल्या पुनोच्या बसस्थानकातल्या कारकुनाला माहीत असावं ही अपेक्षाच चुकीची आहे. विमान कंपनीचा कर्मचारी संगणकावर आपल्या पासपोर्टचे नियम तपासतो, कारण प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत नेण्याचा भुर्दंड कंपनीवर पडतो. बसवाल्याचं तसं काही अडलेलं नसतं. तुम्हाला सीमेवर अडवलं तर त्याची एक जागा रिकामी होते, एवढंच. म्हणून त्याचा धीर देणारा शब्द प्रामाणिक असला तरी आपल्या उपयोगाचा नसतो.

पुनो ते बोलिव्हियातलं ला पाझ हा रस्ता याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. टिटिकाका सरोवराच्या काठाने जाणारा, डोळ्यांचं पारणं फेडणारा रस्ता; तो चुकवू नये असंच मी म्हणेन. तिकीट 'थेट' म्हणून विकलं जातं. प्रत्यक्षात सीमेवरच्या कासानीला सगळे उतरतात, पेरूचा निर्गमनाचा शिक्का घेतात, चढ चालून बोलिव्हियाच्या चौकीत जातात आणि पलीकडे पुन्हा बस पकडतात. पुढे कोपाकबानाला बहुधा गाडी बदलते. तिथून तिकिनाच्या सामुद्रधुनीवर बस लाकडी तराफ्यावरून आणि माणसं होडीतून पलीकडे जातात; होडीचे पैसे वेगळे, त्यामुळे बोलिव्हियाचे थोडे सुटे पैसे कोपाकबानालाच खिशात ठेवावेत. बस सीमेवर थांबते ती बहुसंख्यांच्या दहा मिनिटांच्या हिशोबाने. ज्याला व्हिसाचे कागद दाखवायचे आहेत, फोटो द्यायचा आहे, हॉटेलचं आरक्षण दाखवायचं आहे, तो रांगेत असतानाच ती निघून जाऊ शकते. शिवाय बोलिव्हियाचं घड्याळ पेरूच्या एक तास पुढे आहे. दुपारी निवांत निघालेल्या माणसाचा तो तास सीमेवरच गळतो, आणि चौकी काही रात्रभर उघडी नसते. तेव्हा बोलिव्हियाचा व्हिसा आधीच पासपोर्टवर असू द्या आणि सकाळचीच बस घ्या.

इग्वासूच्या धबधब्यापाशी धोका नेमका उलटा आहे; तिथे अनेकदा अडवणारं कुणी नसतं. ब्राझीलचं फोज दो इग्वासू, अर्जेंटिनाचं पुएर्तो इग्वासू आणि पाराग्वेचं सिउदाद देल एस्ते ही तीन शहरं दोन नद्यांच्या काठी जवळजवळ आहेत आणि स्थानिक लोक खरेदीला, कामाला रोज इकडून तिकडे करतात. शहर बस पाराना नदीवरचा मैत्री पूल सरळ ओलांडते. आपण स्वतः उतरून मागितल्याशिवाय शिक्का मिळत नाही, आणि आपला शिक्का होईस्तोवर तीच बस थांबेल याची खात्री नाही. उतरताना चालकाला पुढची बस याच तिकिटावर चालेल का, हे विचारून घ्यावं. 'सगळे असेच जातात' हे तिथे हमखास ऐकू येतं. सगळे म्हणजे ओळखपत्रवाले. निर्गमनाचा शिक्का नसलेला पासपोर्ट पुढच्या विमानतळावर उघडला जातो, तेव्हा उत्तर आपल्याला द्यावं लागतं, दंडही आपल्याच खिशातून जातो. त्यातही ब्राझीलचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर धबधब्याची अर्जेंटिनाकडची बाजू बघायला गेलेला माणूस संध्याकाळी आपल्या हॉटेलवर परत येऊ शकत नाही. व्हिसा हातात पडल्याबरोबर किती प्रवेश लिहिले आहेत ते वाचा.

कागदांतला सगळ्यात दुर्लक्षित कागद पीतज्वराच्या लशीचा आहे, आणि तो मागणारा सगळ्यात कडक देश आपलाच आहे. पेरू, बोलिव्हिया, ब्राझील, अर्जेंटिना, पाराग्वे, इक्वाडोर, कोलंबिया हे भारताच्या यादीत येतात. तिथून लशीच्या दाखल्याशिवाय परतलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. 'आम्ही जंगलात गेलोच नाही' हे मुंबईच्या विमानतळावर चालत नाही, कारण यादी देशांची आहे. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून ती निघायच्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही. २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी धरला जातो, त्यामुळे कार्ड जपून ठेवा. दुसरी गोष्ट खास आपल्या लोकांसाठी: चिलीत शिरताना सामान यंत्रातून जातं आणि फळं, बिया, मध अशा वस्तूंवर कडक निर्बंध आहेत. सॅकमध्ये शेंगदाणे, मेथ्या किंवा घरची चटणी असेल तर फॉर्मवर 'हो' लिहा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील, लपवलेल्या वस्तूचा दंड जबर असतो.

शहरांबद्दल थोडक्यात, कारण तिथे फसण्याचे प्रकार जगभर सारखेच आहेत. फोन रस्त्यावर हातात धरून चालू नका. अंगावर काहीतरी सांडून पुसायला धावणाऱ्या माणसांपासून ब्युनोस आयर्स आणि सांतियागोमध्ये विशेष सावध राहा. फाटक्या किंवा शाईच्या खुणा असलेल्या डॉलरच्या नोटा नेऊ नका, त्या पेरू-बोलिव्हियात घेत नाहीत. लिमा आणि सांतियागोमध्ये बसस्थानकं अनेक आहेत, तेव्हा आपल्या तिकिटावरचा पत्ता वाचल्याशिवाय टॅक्सीत बसू नका. उंचीचंही भान ठेवा: लिमा समुद्रकाठी आहे आणि पुनो सुमारे ३,८०० मीटरवर. मधे अरेकिपाला, सुमारे २,३०० मीटरवर, एक-दोन दिवस काढले तर डोकेदुखी बरीच टळते. विरळ हवेने गुंगलेल्या डोक्याने सीमेवर कागदपत्रं हाताळणं फार वाईट, म्हणून याचाही संबंध मूळ मुद्द्याशी आहेच.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, काही मोठ्या बस कंपन्या चढतानाच कागदपत्रं तपासतात. तपासतात, पण ती तपासणी आपल्या रक्षणासाठी नसते. शंका आली की तुम्हाला चढू न देणं हा त्यांचा सोपा मार्ग असतो आणि पैसे परत मिळतीलच असं नाही. आपल्या पासपोर्टला लागू असलेला नियम स्पॅनिशमध्ये छापून जवळ ठेवला असेल तर तिथेही आणि चौकीतही बोलता येतं. मोबाईलवर इंग्रजी पान दाखवून फारसं काही हलत नाही. दुसरा आक्षेप, मग विमानानेच जावं. हे मला मुळीच मान्य नाही. अँडीज वरून बघणं आणि अर्जेंटिनातल्या मेंदोसाहून चिलीतल्या सांतियागोला जाताना तो घाट बसने चढणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्या पासपोर्टवाल्यांनी तो सोडून द्यावा असं काही नाही. फक्त सीमा बसवाल्याच्या हवाली करायची नाही. जिथे जमेल तिथे तिकीट सीमेजवळच्या गावापर्यंतचंच काढा, शिक्के आपल्या पायांनी जाऊन घ्या, पासपोर्ट चालकाच्या हातात गठ्ठ्याने देऊ नका, आणि पुढचं तिकीट पलीकडच्या गावात विकत घ्या. अर्धा दिवस जास्त जातो, कधीकधी मुक्कामही पडतो. पण चौकीत दोन तास लागले तरी आपल्याला सोडून जाणारी बस नसते, आणि न झालेल्या प्रवासाचे पैसे कुणाच्या गल्ल्यात अडकलेले नसतात.