बाळ पाळणाघरात रुळताना : पहिले पंधरा दिवस



जून उजाडला की पहिलीच्या वर्गाबाहेरची रडारड आपल्या सगळ्यांच्या ओळखीची असते. त्यावर आपण प्रशिक्षणात बोलतो, पालकसभेत बोलतो. पण त्याहून लहान, म्हणजे आठ महिन्यांचं, वर्षाचं, दीड वर्षाचं बाळ जेव्हा पहिल्यांदा पाळणाघरात जातं, तेव्हा त्याला कसं रुळवायचं यावर फारसं कुणी बोलत नाही. आपल्या शिरोळ भागात एक वाक्य मात्र हमखास ऐकायला मिळतं : "चार दिवस रडतंय, पाचव्या दिवशी आपोआप गप बसतंय." आजचा लेख या एका वाक्यावर आहे. कारण गप बसणं आणि रुळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाळ रडतं म्हणजे नेमकं काय होतं?

चार-पाच महिन्यांचं बाळ सहसा कुणाच्याही कडेवर जातं. तेच बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की शेजारच्या काकूंनी हात पुढे केले तरी आईच्या खांद्यात तोंड लपवतं. लोक म्हणतात, "बाळ बिघडलं, आईला चिकटलं." खरं तर बाळाची बुद्धी एक पायरी वर चढलेली असते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवलं की साधारण या वयात बाळाला कळू लागतं, की दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी असते. म्हणजे आई दिसत नसली तरी ती आहे, हे त्याला कळतं. पण ती कधी येणार, हे कळत नाही. 'संध्याकाळी पाच वाजता' हे शब्द त्याच्यासाठी नसल्यासारखेच. म्हणून ते रडतं. ही भीती साधारण दहा ते अठरा महिन्यांच्या काळात सगळ्यात जास्त असते, पुढे हळूहळू कमी होते.

यातून पालकांनी एक हिशेब करावा. नोकरदार आईला २०१७ च्या कायदादुरुस्तीनुसार पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची रजा मिळते. रजा संपते तेव्हा बाळ सहा महिन्यांच्या आसपास असतं आणि तुलनेने लवकर रुळतं. वर्षाचं बाळ पहिल्यांदा ठेवणार असाल, तर जास्त दिवस हाताशी ठेवा. यात बाळाचा दोष नाही आणि आईचाही नाही.

गप बसलेलं बाळ

इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये एक लघुपट तयार केला. दोन वर्षांची एक मुलगी ऑपरेशनसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढीच गोष्ट. त्या काळी आईवडिलांना मुलाजवळ थांबू देत नसत. ती मुलगी फार रडत नाही. पण दिवसागणिक तिचा चेहरा कोमेजत जातो आणि आई भेटायला आली तरी ती चटकन जवळ जात नाही. रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी यातून तीन टप्पे मांडले : आधी मूल विरोध करतं, मग निराश होतं, मग तुटल्यासारखं वागतं. तिसऱ्या टप्प्यातलं मूल वरवर शहाणं दिसतं. पुढे १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने पालकांना भेटीची मोकळीक द्यावी, अशी शिफारस केली.

पाळणाघरातलं बाळ रोज संध्याकाळी घरी जातं, त्यामुळे तुलना तंतोतंत लागू होत नाही. पण धडा घ्यायचा तो घ्यावा. रडणाऱ्या बाळाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. कोपऱ्यात एकच खेळणं धरून बसलेलं, कुणाकडे न बघणारं, नीट न खाणारं बाळ "शांत आहे हो" म्हणून सुटून जातं. ताईंनी आधी त्याच्याजवळ बसावं.

रुळवण्याचा क्रम

जर्मनीत १९८० च्या दशकात 'बर्लिन पद्धत' नावाचा एक क्रम तयार झाला, तो आजही तिथे वापरतात. पहिले तीन दिवस आई किंवा वडील तासभर बाळासोबत खोलीतच बसतात, वेगळं करायचंच नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा काही मिनिटं बाहेर जाऊन बघतात. बाळ ताईंकडून समजुतीने शांत होत असेल, तर वेळ वाढवतात. होत नसेल, तर घाई करत नाहीत. आपल्याकडच्या घरांना जमेल असा क्रम मी खाली देत आहे.

१) दिवस १ ते ३ : घरातलं एक माणूस तासभर सोबत. त्याने एका जागी बसावं, बाळाला ढकलून खेळायला पाठवू नये. बाळ स्वतः लांब जाईल, वळून बघेल, परत येईल. ताईंनी लांबून खेळात सामील व्हावं, लगेच उचलून घेऊ नये.

२) दिवस ४ व ५ : सांगून बाहेर जायचं. आधी पाच-दहा मिनिटं, जमलं तर अर्धा तास. बाळ रडलं तर ताईंनी कडेवर घ्यावं. थोड्या वेळात शांत झालं नाही, तर घरच्या माणसाने परत यावं आणि त्या दिवशी पुन्हा प्रयत्न करू नये.

३) दिवस ६ ते १० : एक जेवण ताईंच्या हातून. मग एक झोप. झोप ही सगळ्यात शेवटची पायरी, कारण झोपताना बाळ स्वतःला पूर्ण दुसऱ्याच्या हाती सोपवतं. घरी झोळीत झोपायची सवय आहे की मांडीवर, अंगाई लागते की पाठीवर थोपटावं लागतं, हे ताईंना आधीच सांगा.

४) दिवस ११ ते १५ : वेळ वाढवत पूर्ण दिवसापर्यंत.

या सगळ्यात ताई एकच असाव्यात. सोमवारी एक, मंगळवारी दुसरी असं झालं, तर बाळाला रोज पहिला दिवस. आईचं वापरलेलं, न धुतलेलं ओढणीचं किंवा साडीचं फडकं सोबत द्या. त्या वासाने बाळाला धीर येतो. मात्र ते ताईंच्या नजरेसमोर असू द्या, झोपेत तोंडावर येऊ देऊ नका.

गुपचूप निघून जाऊ नका

"ते बघ, चिमणी आली," म्हणायचं आणि मागच्या दाराने सटकायचं, हा आपल्याकडचा सर्रास उपाय. त्या क्षणी रडणं टळतं. पण बाळ शिकतं काय? नजर काढली की आई नाहीशी होते. मग ते घरीसुद्धा पदर सोडत नाही, रात्री दचकून उठतं. त्यापेक्षा रोज एकच वाक्य बोला, "मम्मी कामाला चाललीय, येणार," पापी घ्या आणि निघा. निरोप छोटा असावा. दारातून तीनदा परत येऊ नका. बाळ रडेल, रडू द्या. ते ताईंच्या कडेवर रडतंय, एकटं रडत नाही, हे महत्त्वाचं.

घरी तोंडावर पदर घेऊन 'बुवा कुक' खेळा. गेलेला चेहरा परत येतो, हेच तर बाळाला त्यातून शिकायचं असतं. आपल्या आज्ज्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं.

ज्या आईला तीन दिवससुद्धा नाहीत

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, "बाई, भांगलणीला जाणारी आई तीन दिवस पाळणाघरात बसली तर हजेरी कोण देणार?" प्रश्न बरोबर आहे. अशा वेळी आज्जी, आत्या, वडील, कुणीही ओळखीचं माणूस चालतं. तेही नसेल, तर कामाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आठ-दहा दिवस संध्याकाळी अर्धा-अर्धा तास बाळाला ताईंकडे नेऊन बसा. ताई ओळखीच्या झाल्या की निम्मं काम झालं.

याचं मोठं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. धाकट्या भावंडांना सांभाळायचं म्हणून मोठ्या मुली शाळेला मुकतात, हेही त्यांनी पाहिलं. मग 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ताई वर्गात, धाकटं शेजारी पाळण्यात. ओळखीचं माणूस जवळ राहिलं आणि मोठीची शाळाही सुटली नाही. आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात आहेत. मधल्या सुट्टीत मोठ्या बहिणीला पाच मिनिटं डोकावू द्यायला आपल्याला काहीच खर्च नाही.

२ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत अंगणवाडीत बसण्याचं वय ३ ते ६ वर्षं. त्याखालच्या बाळांना घरी आहार मिळतो, पण दिवसभर सांभाळायची सोय नसते. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत ६ महिने ते ६ वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर करता येतं. तसंच २०१७ च्या दुरुस्तीनुसार ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. आपल्या गावात काय सोय आहे, हे ग्रामसभेत विचारायला हवं.

पुरानंतर

शिरोळकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको. २०१९ आणि २०२१ ला कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याने किती घरं हलवावी लागली, आपण पाहिलंय. छावणीतून किंवा पाहुण्यांकडून परत आलेलं बाळ आधी कितीही रुळलेलं असू दे, ते पुन्हा चिकटतं. त्याला पहिल्या दिवसापासून परत सुरुवात करू द्या. दुसऱ्या वेळी सहसा कमी दिवस लागतात. आजारपण आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरही हेच.

बाळ रुळलं, हे कसं ओळखायचं?

• सोडताना रडलं तरी ताईंच्या कडेवर थोड्या वेळात शांत होतं.
• लागलं, भूक लागली की ताईंकडे जातं.
• खातं, झोपतं, खेळणं दुसऱ्याला दाखवतं.
• आई आली की तिच्याकडे झेपावतं, किंवा तिला बघून रडतं.

शेवटच्या मुद्द्यावर पुष्कळ आया हिरमुसतात. "दिवसभर छान होतं, मला बघून रडायला लागलं." अहो, ते तक्रार सांगतंय, आणि तक्रार आपल्या माणसालाच सांगतात. त्याला उचला, पाच मिनिटं घ्या, मग पिशवी आवरा.

पंधरा दिवसांत नाही जमलं तर वीस घ्या. पण महिना उलटला तरी बाळ खात नसेल, वजन घटत असेल, कुणाकडेच बघत नसेल, तर ताईंशी बोला आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

हीच बाळं चार-पाच वर्षांनी आपल्या पहिलीच्या वर्गात येणार आहेत. 'गेलेलं माणूस परत येतं' हा धडा ज्याचा पाळणाघरात पक्का झालाय, त्याला आपल्या दारात आईचं बोट सोडणं थोडं सोपं जाईल.

तुमच्या गावातल्या पाळणाघराच्या ताईंना हा लेख जरूर वाचून दाखवा.