वण लपवायचा कशाला?



मे महिन्यातली गोष्ट. बारडोलीच्या सत्संगात आम्ही सेवेकरी महिला प्रसादाची भाजी चिरत होतो. अंगाची लाही होत होती, तरी एका ताईंच्या बाह्या मनगटापर्यंत. कारण आम्हाला ठाऊक होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी स्टोव्ह भडकून त्यांचा हात भाजला. तेव्हापासून हळदीकुंकवालाही त्या मागेच बसतात.

त्या दिवशी त्या स्वतःहून बोलल्या. नातवाच्या पायावर चहा सांडला होता. जखम भरली, डाग राहिला. "सुनेला म्हटलं, याला आता फुल पँटच घालत जा. आणि माझंच मला कसंतरी झालं. चार वर्षांच्या पोराला मी माझी लाज देत होते!"

आम्ही गप्पच झालो. मग भृगुऋषींची कथा आठवली. त्यांनी भगवान विष्णूंच्या छातीवर लाथ मारली. देव रागावले नाहीत, उलट ऋषींचेच पाय चेपले आणि ती खूण छातीवर जपली. श्रीवत्सलांछन म्हणून आपण तिला वंदन करतो. देवाला ती पुसता आली नसती का?

आपल्याच दंडाकडे बघा. आमच्या वयाच्या बहुतेकांना देवी काढल्याचा वण आहे. १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा रोगी सापडला, तो या टोचण्यामुळेच. त्या वणाची कधी लाज वाटली? मग भाजल्याचा, टाक्यांचा, सिझेरियनचा वण वेगळा का? तोही हेच सांगतो की जखम भरली, आपण वाचलो.

स्वीकार म्हणजे हयगय मात्र नव्हे. भाजल्यावर लगेच २० मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट, शाई नको. वण जाड होत असेल, ओढत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. उपचार घेण्यात कमीपणा नाही.

या आठवड्याचा अभ्यास:
१. आपल्या एका वणाची गोष्ट घरातल्या मुलांना सांगावी.
२. दुसऱ्याचा डाग पाहून "अगंबाई, हे काय झालं?" असं चारचौघांत विचारू नये.
३. आंघोळीनंतर वणावर तेलाचा हात फिरवताना, या देहाने आपल्याला सांभाळलं हे आठवावं.

ताईंनी त्या दिवशी बाही दुमडून कणीक मळली. पुढच्या गुरुवारी परत पूर्ण बाही होती. असू दे. नातू मात्र हाफ चड्डीत अंगणभर पळत होता.

सर्वांनी एकत्र बसून वाचावे, ही विनंती.