हवेतल्या पाटाची पाळी

नवे शब्द
वाय-फाय : तारेवाचून, हवेतून, जवळच्या फोनला इंटरनेट देण्याची सोय.
राउटर : वाय-फायचा डबा. बाहेरून आलेली तार याला जोडतात.
पट्टा : हवेतली वाट. रेडिओच्या लहरी या वाटेने जातात.

१. शेवटची तारीख

इंदापूर तालुक्यातले एक शेतकरी होते. त्यांना सारे अण्णा म्हणत. अण्णांची मुलगी पुण्याला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करी.

पुण्यात सदाशिव पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ या भागांत पुष्कळ अभ्यासिका आहेत. महिन्याचे पैसे भरले की एक टेबल-खुर्ची मिळते. तेथे बसून वाचायचे. खेड्यापाड्यांतली पुष्कळ मुले-मुली तेथे रात्री उशिरापर्यंत वाचत बसतात.

एके दिवशी मुलीचा दाखला घेऊन अण्णा पुण्याला निघाले. एस.टी.ने स्वारगेटला उतरले. अभ्यासिकेत पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलीने फोनवर दाखल्याचा फोटो काढला आणि ती अर्ज भरायला बसली. तास गेला. पोरगी रडकुंडीला आली.

"काय गं, काय झालं?" अण्णांनी विचारले.

"अण्णा, आज शेवटची तारीख आहे. रात्री बाराच्या आत अर्ज गेला पाहिजे. बाकी सगळं भरलंय. दाखला तेवढा चढत नाही. नुसतं चाक फिरतंय."

"तुझ्या फोनचं नेट नाही का?"

"आजचा डेटा संपला. आता इथल्या वाय-फायवरच भिस्त. आणि गंमत बघा, वाय-फायच्या रेघा तर पूर्ण दिसतायत!"

इतक्यात अभ्यासिका चालवणारे काका आले. ते पूर्वी टेलिफोन खात्यात होते. ते म्हणाले, "अण्णा, रोज सातनंतर असंच होतं. सगळी मुलं एकदम व्हिडिओ लावतात. बाहेरून येणारी लाइन मी तपासली. ती ठीक आहे."

अण्णा म्हणाले, "लाइन ठीक, रेघा पूर्ण. मग पाणी मुरतंय कुठं?"

२. एका वेळी एकच

काका हसले. "अण्णा, तुमच्याकडे कालव्याचं पाणी कसं येतं?"

"खडकवासल्याचं पाणी हवेली, दौंड करत इंदापूरला येतं. प्रत्येकाची पाळी ठरलेली. पाटकरी सांगेल तेव्हा दार उघडायचं. आम्ही टेलचे लोक. आमची पाळी आली तरी पाणी रांगत येतं."

"मग तुम्हाला हे लगेच समजेल," काका म्हणाले. "हवा हाच पाट समजा. या खोलीत चाळीस फोन आहेत आणि डबा एक. एका पट्ट्यावर एका वेळी एकानंच बोलायचं. डबा बोलत असेल तर फोन गप्प. फोन बोलत असेल तर डबा गप्प. फक्त इथं पाटकरी नाही."

"पाटकरी नाही? मग भांडणं होत असतील!"

"होतात. पण त्यावर एक रीत घातलेली आहे."

ती रीत अशी. बोलण्याआधी प्रत्येक फोन कान देतो. हवेत कोणी बोलत असेल, तर तो थांबतो. हवा शांत झाली की तो मनातल्या मनात काही अंक मोजतो. कोणाचा अंक लहान निघतो, कोणाचा मोठा. ज्याचे मोजणे आधी संपते, तो आधी बोलतो. त्याचे बोलणे नीट पोचले तर डबा लगेच पोच देतो. दोघे एकदम बोलले तर कोणाचेच कळत नाही. पोच मिळत नाही. मग ते दोघे पुन्हा थांबतात, बहुधा पहिल्यापेक्षा जास्त, आणि पुन्हा बोलतात.

हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत कितीतरी वेळा घडते. म्हणून सगळ्यांना एकदमच मिळते आहे असे वाटते. पण फोन वाढले की थांबणे वाढते. बोलण्यापेक्षा थांबण्यातच वेळ जातो.

ही गोष्ट माणसाला अनुभवातून समजली. १९७१ साली हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने दूरदूरची यंत्रे बिनतारी जोडली. तेथे कोणी आधी कान देत नसे. ज्याला वाटेल तेव्हा तो बोले. निरोप एकमेकांवर आदळत. यंत्रे वाढली की आदळणेही वाढे. पुढच्या लोकांनी त्यावरून धडा घेतला, की आधी ऐकावे आणि मग बोलावे. १९९७ साली वाय-फायचे पहिले नियम ठरले. त्यांत हीच रीत घातली.

३. लांबचा फोन

"पण रेघा पूर्ण आहेत ना?" मुलीने विचारले.

"रेघा काय सांगतात? डब्याचा आवाज तुझ्या फोनला किती मोठा ऐकू येतो, एवढंच. पुढं किती जण रांगेत आहेत, ते रेघा सांगत नाहीत."

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. डब्याजवळचा फोन भरभर बोलतो. लांबच्या फोनला आवाज अस्पष्ट येतो. म्हणून त्याला सावकाश बोलावे लागते. समजा, जवळच्या फोनला एक चिठ्ठी द्यायला एक क्षण लागतो. मग त्याच चिठ्ठीला लांबच्या फोनला दहा क्षण लागू शकतात. पाळी दोघांनाही एकेक चिठ्ठीची. म्हणजे लांबचा फोन दहापट वेळ हवा अडवतो. तोवर जवळचे सारे खोळंबतात.

"असं होय!" अण्णा म्हणाले. "म्हणजे टेलचा शेतकरी उगाच शिव्या खातो. त्याचा दोष नाही. पाटच लांब आहे."

"बरोबर. वरच्या गॅलरीत बसलेली मुलं आमची टेलची माणसं. तिथं व्हिडिओ लागला की खालची खोली अडते."

४. दुसरा पाट

अण्णांनी डब्याकडे पाहिले. डबा जमिनीवर, लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलेला होता.

"काका, याला एवढ्या काड्या कशाला?"

"त्या काड्यांतून लहरी निघतात. हा दोन पट्ट्यांचा डबा आहे. एक पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. डब्याच्या पोटात दोन वेगळे रेडिओ आहेत. दोघं एकाच वेळी आपापल्या पट्ट्यावर बोलू शकतात."

"म्हणजे एका दारातून दोन पाट काढलेत म्हणा ना!"

"अगदी तसंच."

"मग दुसऱ्या पाटावर किती जण आहेत?"

काका क्षणभर गप्प राहिले. त्यांनी आपल्या फोनवर डब्याची यादी उघडली. २.४ च्या पट्ट्यावर सदतीस फोन होते. ५ च्या पट्ट्यावर फक्त दोन होते.

"अरेच्चा! दोन्ही पट्ट्यांना नावं वेगवेगळी दिलीत. पहिलं नाव लांबूनही दिसतं. जो येतो तो त्यालाच जोडतो."

"म्हणजे एका पाटावर मारामारी आणि दुसरा कोरडा!" अण्णा म्हणाले. "ऊठ पोरी, तिकडचं पाणी घे."

मुलगी डब्याजवळच्या खुर्चीवर येऊन बसली. तिने फोनमध्ये दुसरे नाव निवडले आणि पासवर्ड घातला. दाखला पुन्हा चढवला. चाक दोनदा फिरले आणि थांबले. थोड्या वेळाने अर्ज पोचल्याची पावती आली. तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

५. दोन पट्टे, दोन स्वभाव

मग सगळेच ५ च्या पट्ट्यावर का जात नाहीत? त्याचे कारण समजून घेऊ.

२.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपने. त्याची एक लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते. ५ च्या पट्ट्यात सेकंदाला ५०० कोटींहून जास्त कंपने होतात. तिथली लहर साधारण साडेपाच सेंटिमीटर असते. २.४ ची लहर लांब जाते आणि भिंतीतून बरी पार होते. ५ ची लहर भिंतीत लवकर थकते. पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत तर ती फारच थकते.

पण २.४ चा पट्टा अरुंद आहे. त्यात एकमेकांना न अडवणारे तीनच गाळे निघतात : १, ६ आणि ११. पेठेत घराला घर लागून आहे. शेजारचा डबा आपल्याच गाळ्यात असेल, तर त्याच्यासाठीही आपल्याला थांबावे लागते. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह चूलही याच पट्ट्यात गोंगाट करतात. ५ च्या पट्ट्यात गाळे पुष्कळ आहेत. तिथे गर्दी कमी आणि वेग जास्त.

हे पट्टे वापरायला आपल्याला परवाना लागत नाही. भारत सरकारने २००५ साली २.४ चा पट्टा परवान्यावाचून मोकळा केला. २०१८ साली ५ च्या पट्ट्याचा मोठा भाग मोकळा केला. पाट सर्वांचा आहे. म्हणूनच तो शहाणपणाने वापरला पाहिजे.

काही डबे दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि फोनला ५ कडे वळवू पाहतात. पण कोणत्या पट्ट्यावर जायचे हे शेवटी फोनच ठरवतो. कधी फोन जुन्या पट्ट्याला चिकटून बसतो. तेव्हा फोनचे वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करावे.

२०१९ पासून वाय-फाय ६ नावाचे नवे डबे निघाले. त्यांत डबा स्वतःच पाटकरी होऊ शकतो. तो पट्ट्याचे लहान लहान तुकडे करतो आणि एकाच वेळी अनेक फोनना वाटून देतो. मात्र त्यासाठी फोनही तसाच नवा लागतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी डबा कपाटामागून काढला. खोलीच्या मध्यावर, उंच फळीवर ठेवला. भिंतीवर कागद लावला : "खाली बसणाऱ्यांनी ५ चे नाव घ्यावे. वर बसणाऱ्यांनी २.४ चे घ्यावे." ऑफिसातला संगणक त्यांनी तारेने जोडला. तारेवरच्या यंत्राला हवेत पाळी लावावी लागत नाही.

एस.टी.त बसताना अण्णा म्हणाले, "पोरी, पुढच्या वेळी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नकोस. मीही दाखला आधीच काढून ठेवीन."

लक्षात ठेवा
• डबा उंच आणि मध्यावर ठेवा. लोखंडी कपाटामागे ठेवू नका.
• डब्याजवळ असाल तर ५ चा पट्टा घ्या. लांब किंवा भिंतीपलीकडे असाल तर २.४ चा घ्या.
• टी.व्ही. किंवा संगणक एका जागी असेल तर तारेने जोडा.
• डब्याजवळ बसून ५ च्या पट्ट्यावरही वेग मिळत नसेल, तर बाहेरची लाइन तपासा. कालव्यालाच पाणी नसेल, तर पाट दोन असून काय उपयोग?

सांगा पाहू
१. रेघा पूर्ण असूनही दाखला का चढत नव्हता?
२. लांबच्या फोनमुळे जवळचे फोन का खोळंबतात?
३. अण्णांच्या कोणत्या प्रश्नामुळे वाट सापडली?
४. तुमच्या घरी, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत वाय-फायचा डबा कोठे ठेवला आहे? तो योग्य जागी आहे का?