दावा फेटाळला, तरी दाद मागता येते

प्रश्न : बाबांची अँजिओप्लास्टी अमरावतीच्या खासगी दवाखान्यात झाली. पॉलिसी सहा वर्षं खंड न पडता चालू आहे. तरी ‘जुना रक्तदाब लपवला’ म्हणून कंपनीने दावा फेटाळला. काय करावं?
— एक वाचक, अकोला

उत्तर : खचून जाऊ नका, तुमची बाजू भक्कम आहे. विमा नियामक ‘इर्डाई’च्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी सलग ६० महिने चालली, की माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा, आणि ती सिद्ध करण्याचं ओझं कंपनीवर.

नकार पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली दिला, हे कंपनीकडून लेखी घ्या. प्रस्ताव अर्जाची प्रत, डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि रक्तदाब केव्हा आढळला याचं डॉक्टरांचं पत्र जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करा. पोच जपून ठेवा. इर्डाईच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही ती नोंदवा.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे जा. वऱ्हाडासाठी पुण्याचं कार्यालय आहे. तक्रार ऑनलाइन करता येते. फी नाही, वकील लागत नाही, भरपाईची मर्यादा ५० लाख रुपये. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करा. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

दुसरा मार्ग अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा; तिथे मुदत दोन वर्षं. दोन्हीकडे एकाच वेळी जाऊ नका. कंपनीने कमी रक्कम देऊ केली, तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर घाईने सही करू नका.